पाण्यापलीकडचं डेल्फ्ट

युरोपच्या सहलीत हॉलंडच्या वाट्याला दीड-दोन दिवस येतात. क्यूकेनहॉफची ट्यूलिपची बाग, झान्स स्कान्सच्या पवनचक्क्या, ॲमस्टरडॅमच्या कालव्यातली तासाभराची बोट, संपलं. डेल्फ्ट या यादीत सहसा नसतं, आणि असलंच तर निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या दुकानापुरतं. आम्ही वाशीमचे काही शाळासोबती मिळून निघालो, तेव्हा डेल्फ्टसाठी एक दिवस मी भांडून मागून घेतला. आमच्यातल्या एकाचा भाचा तिथल्या तंत्रविद्यापीठात शिकतो, म्हणून कुणी फार कुरकुर केली नाही. अट मी एवढीच घातली, की आधी हेगला उतरायचं आणि मॉरित्सहाउस संग्रहालयात एक चित्र पाहायचं: योहानेस व्हर्मीरचं ‘डेल्फ्टचं दृश्य’. गाव नंतर, गावाचं चित्र आधी. हा उलटा क्रम मित्रांना पटला नव्हता. मला तो आजही बरोबरच वाटतो.

चित्र 1660-61 च्या सुमाराचं. उंची सव्वातीन फुटांच्या आत, रुंदी पावणेचार फुटांच्या जवळपास. छापील पुस्तकांत ते पाहिलेलं असलं, तरी प्रत्यक्ष आकाराने माणूस थोडा दचकतो, कारण व्हर्मीरची बहुतेक चित्रं हातात धरता येतील एवढी लहान आहेत. खिडकीशी पत्र वाचणारी बाई, दूध ओतणारी मोलकरीण, घराच्या एका कोपऱ्यातला उजेड, हे त्याचं नेहमीचं राज्य. उघड्यावर येऊन त्याने रंगवलेली आज आपल्या हाती असलेली चित्रं दोनच: हे, आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधली ‘छोटी गल्ली’. मॉरित्सहाउसमध्ये याच दालनात समोरच्या भिंतीवर ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ आहे. सगळी गर्दी तिच्यापुढे, मोबाइल उंचावून, आणि पाठ डेल्फ्टकडे. आम्हाला ते सोयीचंच झालं.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला चित्रात फारसं काही दिसत नाही. खाली पिवळसर वाळूचा एक तिरकस काठ. त्यापलीकडे पाणी. पाण्यापलीकडे गावाची एक आडवी, बुटकी रांग. आणि वर आकाश, निम्म्याहून अधिक कॅनव्हास व्यापणारं. चार पट्टे एकावर एक. गावाच्या रांगेत मध्यभागी घड्याळ असलेली स्खीडाम वेस, उजवीकडे जुळ्या निमुळत्या बुरुजांची रॉटरडॅम वेस, दोहोंच्या मध्ये पाण्यावरचा छोटा पूल. उजव्या काठाला दुरुस्तीसाठी लागलेल्या हेरिंग मासेमारीच्या बोटी. डावीकडे तटाची भिंत आणि तिच्यामागे लाल छपरांची लांब ओळ. बस.

आता यात काय नाही ते पाहा. डेल्फ्टला गेलेल्या प्रवाशाला हल्ली जे पॉइंट दाखवतात, त्यांतला एकही इथे धड दिसत नाही. बाजारचौक नाही. हेन्ड्रिक दे कायझरने बांधलेलं देखणं नगरभवन नाही. 10 जुलै 1584 रोजी ‘मौनी’ विल्यम या राष्ट्रपुरुषाची हत्या झाली आणि जिथल्या भिंतीतली गोळ्यांची भोकं आजही दाखवतात, तो प्रिन्सेनहोफ वाडा नाही. जुन्या चर्चचा मनोरा आहे, पण डावीकडे छपरांवर जेमतेम टोक काढून. नव्या चर्चचा मनोरा आहे, पण दोन्ही वेशींच्या मागे, दूर. गावातली मानाची प्रत्येक जागा चित्रकाराने एकतर झाकली आहे किंवा मागे सारली आहे. पुढे ठेवलं आहे ते काय, तर तट, वखारी, पूल, नांगरलेल्या बोटी: गावात शिरण्याआधी लागणारं सगळं.

त्या काळी नगरदृश्यं काढायची एक ठरलेली रीत होती. नकाशांच्या कडेला, भिंतीवर लावायच्या छापील चित्रांत गावाची बाह्यरेषा मांडायची, मनोरे थोडे उंच करायचे, महत्त्वाच्या इमारतींना क्रमांक द्यायचे. गावाच्या नगरपित्यांना आवडेल असं काम. व्हर्मीरने तीच चौकट घेतली, पाण्यापलीकडून, समोरून. पण क्रमांक देण्याजोगं काही त्याने पुढे येऊ दिलं नाही. त्याऐवजी त्याने गावाला उजेडाने मांडलं.

हा उजेड कसा पडला आहे, ते सावकाश पाहण्यासारखं आहे. चित्राच्या अगदी वरच्या कडेला एक काळा ढग लोंबतो आहे. त्याची सावली गावाच्या पहिल्या ओळीवर पडली आहे. तट, दोन्ही वेशी, पूल, सगळं करडं-तपकिरी आणि थंड. ऊन पडलं आहे ते मागच्या गावात. सावलीतल्या वेशींच्या फटीतून आणि डोक्यावरून पिवळी छपरं, फिकट भिंती, नव्या चर्चचा मनोरा उजळून निघाले आहेत. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात दारात उभं राहिलं, की अंधारी ओसरी ओलांडून नजर थेट मागच्या उन्हातल्या अंगणात जाते, तसं इथे होतं. जे जवळ आहे ते अंधारात, म्हणून डोळा तिथे थांबत नाही. जे दूर आहे ते उजेडात, म्हणून तो तिकडे चालत जातो. रस्ता एकही रंगवलेला नाही, तरी आपण गावात शिरतो. मला वाटतं, या चित्राचं निम्मं यश एवढ्या एका व्यवस्थेत आहे.

नव्या चर्चच्या मनोऱ्यावरच ऊन का, याचा अर्थ अभ्यासकांनी देशभक्तीत शोधला आहे. त्या चर्चमध्ये विल्यमची समाधी आहे. स्पेनच्या सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रजासत्ताकाचं ते तीर्थच. अर्थ चुकीचा म्हणवत नाही, पण तो मला जरा उसना वाटतो. व्हर्मीरचा बाप्तिस्मा 31 ऑक्टोबर 1632 रोजी याच चर्चमध्ये झाला, त्याच्या बापाची खानावळ-सराई याच चर्चसमोरच्या चौकात होती. त्याला या मनोऱ्यावर ऊन पाडायला एवढी कारणं पुरेशी होती. शिवाय मनोऱ्याचा घंटाघराचा भाग नीट पाहिला तर त्यातून आरपार आकाश दिसतं. घंटा नाहीत. 1660 च्या आसपास हेमोनी या प्रसिद्ध ओतकाऱ्यांच्या नव्या घंटा तिथे बसवल्या जात होत्या, त्याआधीची ही रिकामी वेळ आहे. राष्ट्राचा जयघोष करायला निघालेला चित्रकार मनोरा मुका असताना रंगवायला बसला नसता.

आणखी एक गोष्ट चित्रात नाही, आणि तिचं नसणं जास्त बोलतं. 12 ऑक्टोबर 1654 रोजी डेल्फ्टमधलं दारूगोळ्याचं कोठार उडालं. हजारो किलो दारू एकदम पेटली, गावाचा ईशान्येचा मोठा भाग भुईसपाट झाला, शंभराहून जास्त माणसं मेली. त्यांत कारेल फाब्रिशियस हा तेव्हाचा डेल्फ्टमधला सर्वांत प्रतिभावान चित्रकारही होता, वय बत्तीस. एखबर्ट फान डेर पूल नावाच्या दुसऱ्या एका चित्रकाराने त्या उद्ध्वस्त गावाची चित्रं पुन:पुन्हा काढली. व्हर्मीर तेव्हा जवळपास बावीस वर्षांचा, चित्रकारांच्या संघात नुकताच दाखल झालेला. सहा-सात वर्षांनी तो गाव रंगवतो तेव्हा ढिगाऱ्याचा मागमूस नाही. विसरला असेल असं मानणं कठीण आहे. पण वरचा तो काळा ढग सरत चालला आहे, आणि ऊन आधी आत पोहोचलं आहे, बाहेर अजून यायचं आहे. मी हे स्फोटाचं रूपक म्हणून वाचत नाही. एवढंच म्हणतो, की ज्या गावाने हे सोसलं होतं, त्या गावातल्या माणसांनी हा उजेड आपल्यापेक्षा निराळ्या डोळ्यांनी पाहिला असणार.

अलीकडच्या काठावर माणसं आहेत. डावीकडे एक प्रवासी पडाव लागलेला आहे. काठावरून घोडा दोर ओढत चालायचा आणि असे पडाव रॉटरडॅम, स्खीडाम, डेल्फ्सहाफनकडे ठरल्या वेळी सुटायचे; त्या काळची ती एसटीच. पडावाजवळ काही बायका-पुरुष उभे आहेत, एकीच्या कडेवर मूल. जरा उजवीकडे, बाजूला, दोघी बायका बोलत आहेत. एकीचं पिवळं जाकीट त्या काठावर उठून दिसतं. कुणीच काही करत नाही. वाट पाहत आहेत.

महाराष्ट्रातल्या शाळांत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या सगळ्यांना ‘स्मरणचित्र’ हा पेपर आठवत असेल. बाजार, एसटी स्टँड, पाणवठा. आम्हाला शिकवलेलं असं, की पुढची माणसं मोठी काढा, त्यांना काहीतरी काम द्या, नाहीतर चित्र मेलेलं दिसतं. व्हर्मीरने माणसं पुढे घेतली खरी, पण बोटाच्या पेराएवढी, आणि त्यांच्याकडून सगळं काम काढून घेतलं. एवढंच नाही, त्या दोघींच्या उजवीकडे त्याने आधी एक पुरुषही रंगवला होता. क्ष-किरण तपासणीत तो सापडतो. नंतर त्याने त्याच्यावर रंग फिरवला. तो राहिला असता तर तिघांत काहीतरी चाललंय असं वाटलं असतं, गोष्ट सुरू झाली असती. गोष्ट नको होती.

मग हवं काय होतं? वेळ. स्खीडाम वेशीवरचं घड्याळ बरीच वर्षं सातच्या पुढचं वाचलं जात होतं. 2020 मध्ये टेक्ससच्या एका खगोलशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी मनोऱ्यावरच्या ऊन-सावलीचा कोन मोजून वेळ सकाळी आठच्या सुमाराची ठरवली, आणि 1659 च्या सप्टेंबरची 3 किंवा 4 तारीखही सुचवली. हिशेब मोठा कौतुकाचा आहे. पण चित्रापुढे उभं राहिल्यावर सात की आठ याने फरक पडत नाही. पडाव सुटायला अजून अवकाश आहे, एवढं कळतं. काठावरच्या माणसांना पलीकडचं गाव पाहण्यावाचून दुसरं काही करण्यासारखं नाही, आणि त्यांच्या मागे, थोड्या उंचावर उभे आपणही त्याच अवस्थेत सापडतो.

आमची अवस्था मात्र तशी राहू शकली नाही. “एका फोटूले किती पाहून राहिला बे? गाडी सुटन ना,” अशी हाक आली. ती अजिबात वाट न पाहणारी हाक होती. पण त्याच घोळक्यातला दुसरा मित्र, बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून आयुष्य काढलेला, चित्राच्या उजव्या अंगाला चष्मा वर करून उभा होता. म्हणाला, “अबे, हे पाण्यातलं पाय ना. वर बुरूज केवढा, अन् खाली सावली केवढी! मोजमाप जुळून नाही राह्यलं.”

त्याचं म्हणणं खरं होतं. रॉटरडॅम वेशीच्या जुळ्या बुरुजांची प्रतिबिंबं खाली थेट चित्राच्या अलीकडच्या काठापर्यंत येऊन टेकली आहेत. पाणी हलतं असलं की प्रतिबिंब थोडं लांबतं हे कबूल, पण इथे केवळ पाण्याने हे केलेलं नाही. तपासणीत असं दिसलं, की व्हर्मीरने आधी ती आखूड काढली होती. मग ओढत-ओढत खाली आणली. कारण उघड आहे. प्रतिबिंब मध्येच थांबलं असतं तर गाव पलीकडे आणि माणसं अलीकडे, मध्ये पाण्याची रिकामी पट्टी, असे दोन तुकडे राहिले असते. लांबलेल्या सावल्यांनी गाव या काठाला बांधून टाकलं आहे.

हा एकच फेरफार नाही. याच जागेवरून पुढे अठराव्या शतकात काढलेलं एक रेखाटन उपलब्ध आहे. त्यात इमारती उंच आणि दाटीच्या, पूल ठसठशीत, बाह्यरेषा खालीवर. व्हर्मीरने ती रेषा सपाट केली, घरं थोडी पसरली, बांधकामांची तिरकी तोंडं जवळजवळ समोर वळवली. सगळं आडवं, शांत झालं. उजवीकडच्या बोटींच्या अंगावर त्याने उजेडाचे ठिपके ठेवले आहेत, मोत्यांसारखे गोल. अंधाऱ्या पेटीतल्या भिंगातून पाहिलं तर असे ठिपके दिसतात, म्हणून तो तसलं यंत्र वापरत होता असं पुष्कळांनी लिहिलं. गंमत अशी, की त्या बोटी सावलीत आहेत. सावलीतल्या वस्तूवर भिंगातूनसुद्धा असे ठिपके उमटत नाहीत. ते त्याने घातले आहेत. म्हणजे जिथे चित्र सगळ्यांत जास्त ‘हुबेहूब’ वाटतं, नेमकं तिथेच ते बनवलेलं आहे.

वाशीमच्या माणसाला हे ऐकून चकित होण्याचं कारण नाही. आपलं गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ती शाखा चौथ्या शतकात स्थापन करणारा राजा सर्वसेन हा कवी होता. त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचं काव्य रचलं, कृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणल्याच्या कथेवर. काव्य आज अखंड मिळत नाही; इतरांनी उद्धृत केलेल्या पद्यांतून ते उरलं आहे. पण नवव्या शतकात काश्मीरचा आनंदवर्धन ‘ध्वन्यालोक’ लिहीत होता तेव्हा ते त्याच्यापुढे होतं. प्रबंधकाव्यात रस कसा टिकतो, याची चर्चा करताना तो म्हणतो, की परंपरेने आलेल्या कथेत रसाला बाधक असं काही असेल तर कवीने ते खुशाल टाकावं आणि रसाला पोषक असं नवं कल्पून घालावं. कवीचं काम इतिहास सांगणं हे नव्हेच. उदाहरणं देतो ती कालिदासाची, स्वत:च्या एका काव्याची, आणि सर्वसेनाच्या ‘हरिविजया’ची. वाशीमच्या राजाला संस्कृत काव्यशास्त्रात जागा मिळाली ती गोष्ट बरोबर सांगितली म्हणून नव्हे, योग्य ठिकाणी बदलली म्हणून.

व्हर्मीरच्या लांबवलेल्या सावल्यांना आणि पुसून टाकलेल्या माणसाला याहून नेमका निकष मला सापडत नाही. काय टाकलं आणि काय घातलं, हे दोन्ही एकाच रसाच्या सोयीने झालं आहे. तो रस शांत म्हणावा का? काव्यशास्त्रातला शांत विरक्तीकडे झुकतो, आणि या चित्रात विरक्ती तिळमात्र नाही. एकेका विटेवर, एकेका कौलावर जीव आहे. मी त्याला स्थिरावलेली आसक्ती म्हणेन, आणि शास्त्री मंडळींनी रागावू नये.

विटा-कौलांवर जीव आहे हे शब्दश: घ्यायला हरकत नाही. डावीकडच्या लाल छपरांजवळ गेलं (पहारेकरी खाकरेपर्यंत जाता येतं), की रंग खडबडीत दिसतो. खालच्या थरात त्याने भरड कण ठेवले आहेत, त्यामुळे वरचा लाल रंग दाणेदार लागतो. कौलं रेखलेली नाहीत, त्यांचा खरखरीतपणा रंगातच आहे. याउलट उजव्या बाजूची उन्हातली छपरं गुळगुळीत, लोण्यासारखी. त्याच भागातल्या एका पिवळ्या तुकड्याने फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तला वेड लावलं होतं. त्याने हे चित्र 1902 मध्ये हेगला पाहिलं, आणि 1921 मध्ये पॅरिसला प्रदर्शनात आलं तेव्हा आजारी असूनही पुन्हा पाहायला गेला. त्याच्या महाकादंबरीत बर्गोत नावाचा लेखक या चित्रातला भिंतीचा छोटा पिवळा तुकडा पाहता पाहता, आपण असं लिहायला हवं होतं अशी हळहळ करत तिथेच मरतो. आता हा तुकडा नेमका कोणता, यावर शंभर वर्षं वाद आहे. रॉटरडॅम वेशीच्या आसपासचा, असं बहुतेक म्हणतात. पण तिथे जे पिवळं आहे ते बरंचसं छपर आहे, भिंत नव्हे. मला वाटतं प्रूस्तनेही आठवणीतून थोडा बदल केला असावा. त्याच्या बाबतीतही निकष तोच लावावा.

पिवळ्याइतकंच बोलायला हवं ते निळ्याबद्दल. व्हर्मीर नैसर्गिक अल्ट्रामरीन सढळ हाताने वापरत असे, या चित्रातही तो आहे. हा रंग लाजवर्द दगड कुटून, धुऊन, गाळून काढतात आणि तो दगड त्या काळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा; त्यामुळे तो भयंकर महाग. स्वस्त निळा बाजारात असताना हा कर्जबाजारी माणूस तो साध्या छायेतही मिसळत होता. आणि तोच दगड पाचव्या शतकात आपल्या अजिंठ्यात पोहोचलेला होता. अजिंठ्याची बहुतेक मोठी लेणी ज्या हरिषेणाच्या काळात खोदली-रंगवली गेली, तो वत्सगुल्मचा वाकाटक राजा. सोळाव्या लेण्याचा लेख त्याचा मंत्री वराहदेव याचा आहे. वत्सगुल्मच्या राजवटीतला निळा आणि डेल्फ्टचा निळा यांत बाराशे वर्षांचं अंतर आहे, पण दोन्हीकडे तो डोंगरातून उतरून व्यापाऱ्यांच्याच पाठीवरून गेला. डेल्फ्ट तर व्यापारावरच उभं होतं. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक इथे होती. याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला 1637 च्या सुमारास सुरू झाली होती. चिनी भांड्यांची नक्कल करत करत निळी-पांढरी डेल्फ्ट भांडी निघाली तीही त्याच व्यापारातून. चित्रातल्या शांत पाण्याला जगाचं तोंड आहे, हे उजवीकडच्या बोटी न बोलता सांगतात.

हेगहून डेल्फ्ट आगगाडीने पाव तासाचं. स्टेशनाजवळूनच दक्षिणेला, कोल्क नावाच्या त्या जुन्या त्रिकोणी बंदराच्या अलीकडच्या काठावर गेलं की चित्रातली जागा येते. व्हर्मीर बहुधा इथल्या एखाद्या घराच्या वरच्या मजल्यावरून पाहत होता. आम्ही पोहोचलो आणि मित्रांनी विचारलं, “कुठी हाय बे तुयी थे वेस?” वेस नाही. दोन्ही वेशी 1834 ते 1836 च्या दरम्यान पाडल्या. तटाची भिंत नाही. नव्या चर्चचा मनोरा आहे, पण त्याचा माथा 1872 मध्ये वीज पडून जळाल्यावर नव्याने बांधलेला, म्हणजे चित्रातला नव्हेच. पूर्वेकडची एक वेस तेवढी गावाने राखली आहे. आपल्या कारंज्याच्या दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या चारही वेशी अजून उभ्या आहेत हे मी तिथे मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांच्या अंगावर काय काय चिकटवलंय ते सांगितलं नाही.

चित्र आधी पाहिल्याचा फायदा या काठावर कळतो. गाव आधी पाहिलं असतं तर संग्रहालयात आम्ही “हे इथे होतं, ते तिथे होतं” असा ताळा करत बसलो असतो. चित्र आधी पाहिल्याने ताळा करायला काही उरलं नाही, कारण समोर चित्रातलं फारसं काहीच नव्हतं, पाणी आणि वरचं भरभर बदलणारं आकाश सोडलं तर. पण उभं कुठे राहायचं आणि किती वेळ, हे चित्राने शिकवून ठेवलं होतं. घाई करणारा मित्रदेखील काठावर बसला आणि सांगितल्याशिवाय उठला नाही. मग गावात गेलो, चौक पाहिला, नव्या चर्चच्या तीनशेच्या वर पायऱ्या ज्यांना चढायच्या होत्या ते चढले, जुन्या चर्चमधला व्हर्मीरच्या नावाचा दगड पाहिला. तो 1675 च्या डिसेंबरात वारला. मागे बायको, अकरा मुलं, आणि पाववाल्याचं सहाशेच्या वर गिल्डरांचं देणं. पाववाल्याने देण्यापोटी त्याची दोन चित्रं ठेवून घेतली. ‘डेल्फ्टचं दृश्य’ 1696 च्या लिलावात 200 गिल्डरांना गेलं, त्या दिवशी त्याच्या एकवीस चित्रांत सर्वांत महाग. 1822 मध्ये डच सरकारने ते 2900 गिल्डरांना घेतलं आणि मॉरित्सहाउसला दिलं. चित्रकाराचं नाव तोवर जवळपास विसरलं गेलं होतं. तोरे-ब्यूर्गेर या फ्रेंच समीक्षकाने 1842 मध्ये हेच चित्र पाहून त्याचा शोध घ्यायला सुरुवात केली आणि 1866 मध्ये त्याला जगापुढे आणलं. एका गावदृश्याने चित्रकार परत मिळवून दिला, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

माझा निवाडा विचाराल तर ‘मोत्याचा डूल’ पाच मिनिटांत आपलं सगळं देऊन टाकतो. हे चित्र अर्ध्या तासानंतर द्यायला लागतं. ज्यांना हॉलंडला दीडच दिवस मिळणार आहे त्यांनी पवनचक्क्या सोडल्या तरी चालतील. पवनचक्क्या गाडीतूनही दिसतात.

जिल्ह्यातल्या चित्रकला शिक्षकांना मात्र वेगळी विनंती आहे, आणि तिला विमानाचं तिकीट लागत नाही. वाशीमला भोसल्यांच्या काळात भवानी काळूंनी बांधवलेलं बालाजी मंदिर आहे, शेजारी देव तलाव आहे. पलीकडे पद्मतीर्थ आहे. एलिमेंटरीच्या मुलांना एकदा सकाळी तिथे घेऊन जा. मंदिरासमोर नेऊन उभं करू नका, पाण्याच्या अलीकडच्या काठावर बसवा. कळस मोठा काढायला सांगू नका. पहिला तास कागदच देऊ नका.